काढ्यातला गूळ

आमच्या घरात ‘नको’ या शब्दाला उत्तर मानत नसत. ती नुसती सुरुवात असे. पाहुणा पहिल्यांदा नको म्हणाला की तो संकोच, दुसऱ्यांदा म्हणाला की चांगले संस्कार, आणि तिसऱ्यांदा म्हणायची वेळच येत नसे, कारण तोवर पोळी त्याच्या ताटात पडलेली असे. जुरोंग ईस्टच्या नवव्या मजल्यावरच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो तेव्हा ठाण्याहून आम्ही मोजून तीन गोष्टी आणल्या होत्या: पोळपाट-लाटणं, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात भरलेली औषधं आणि हा आग्रह. विमानतळावर पहिल्या दोन गोष्टी उघडून बघितल्या गेल्या. तिसरी तशीच आत आली.

बाबा तुआसच्या एका शिपयार्डमध्ये इंजिनिअर होते आणि त्या वर्षी त्यांना एकच ध्यास होता, तो म्हणजे पीआर. इथे कायम राहण्याच्या परवान्याला सगळे पीआरच म्हणतात. आमचा अर्ज एकदा नाकारला गेला होता. नाकारताना कारण देत नाहीत, त्यामुळे कारण शोधण्याचं काम बाबांनी स्वतःकडे घेतलं. जहाजाच्या इंजिनात बिघाड शोधावा तसा त्यांनी तो शोधला आणि एका रविवारी जेवताना जाहीर केलं, “आपण समाजात मिसळत नाही. तिथे मार्क जातात.” मग आम्ही मिसळू लागलो. बाबांनी रक्तदान केलं, बागेतला कचरा उचलला, इमारतीच्या सभेत पाण्याच्या पंपावर भाषण केलं. प्रत्येक वेळी फोटो काढायला मी. आईला ब्लॉकमधल्या बायकांच्या व्यायामवर्गाला पाठवलं. ती साडीतच गेली आणि तिथे तिने सगळ्यांना भाकरी थापायला शिकवली. मी सतरा वर्षांचा होतो, पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्षाला, आणि या सगळ्याकडे मी फार उंचावरून बघत असे. उंची कुठून आली होती कोण जाणे.

आमच्या खालच्या मजल्यावर मिसेस लिम राहायच्या. निवृत्त शिक्षिका, टेनिसच्या वेड्या. शहरातल्या एका क्लबवर बायकांची छोटी व्यावसायिक स्पर्धा भरायची, तिच्यात त्या स्वयंसेवक होत्या. अशा स्पर्धांत खेळणाऱ्या मुलींना हॉटेल परवडत नाही, म्हणून गावातली कुटुंबं एकेकीला आठवडाभर घरी ठेवून घेतात. एका घराने ऐनवेळी नकार दिला आणि मिसेस लिम लिफ्टमध्ये बाबांना भेटल्या. “वन वीक ओन्ली. गर्ल व्हेरी क्लीन, व्हेरी क्वाएट, कॅन लाह,” त्या म्हणाल्या. बाबांना लिफ्टमध्येच अर्जाचा तो रकाना भरलेला दिसला असावा. त्यांनी वर येऊन आईला सांगितलं, “स्वित्झर्लंडची मुलगी येतेय. आंतरराष्ट्रीय खेळाडू आहे.” आईने विचारलं, “जेवते काय?”

तिचं नाव रेगुला. वय एकोणीस. मी आंतरराष्ट्रीय खेळाडू म्हणून मनात जे चित्र केलं होतं त्यात चकचकीत काहीतरी होतं. दारात उभी होती ती उन्हाने नाक सोललेली, गुडघ्याला चिकटपट्ट्या लावलेली, स्वतःपेक्षा मोठी बॅग ओढत आलेली मुलगी. पहाटेची बस चुकू नये म्हणून आदली रात्र तिने क्वालालंपूरच्या बसस्टँडवर काढली होती. आधी तीन आठवडे ती थायलंडमध्ये खेळत होती, त्याआधी कुठल्याशा देशात जिथे तिला पोटाचं दुखणं लागलं. तिच्याबरोबर कोच नव्हता, आई नव्हती, कोणी नव्हतं. क्रमवारीत ती कुठेतरी चारशेच्या घरात होती. म्हणजे जगात तिच्यापेक्षा चांगलं खेळणाऱ्या बायका चारशेच, असं मी कौतुकाने म्हणालो, तर ती म्हणाली, “हो. आणि त्या सगळ्या माझ्या आधी जेवतात.”

माझी खोली तिला दिली आणि मी हॉलमध्ये गादीवर आलो. त्या आठवड्याचे आवाज अजून माझ्या कानात आहेत. पहाटे साडेपाचला इमारतीच्या मोकळ्या तळमजल्यावर दोरीवरच्या उड्या, टप टप टप, आणि मध्येच थांबून श्वास. ‘चेंडू खेळण्यास मनाई’ अशी पाटी होती, म्हणून ती पाटीच्या बरोबर खाली उभी राहून चेंडूशिवाय रॅकेट फिरवायची. त्या रॅकेटचा वाऱ्याला कापणारा आवाज वर नवव्या मजल्यापर्यंत यायचा, निदान मला यायचा. मग कुकरच्या शिट्या, फोडणी, आणि त्यावर आईचं इंग्रजी. “रेगू, लिटल. लिटल ओन्ली. फॉर माय सेक.” पहिल्याच दिवशी रेगुलाची रेगू झाली होती. ती वरण-भात खायची, तूप नको म्हणायची आणि तूप खायची. तिच्याजवळ निळ्या पुठ्ठ्याची एक वही होती. जेवून उठली की ती वहीत लिहायची: काय खाल्लं, किती, कुणी दिलं. आईला ते फार आवडलं. तिला वाटलं पाककृती उतरवून घेतेय.

बाबांनी पहिल्या संध्याकाळी तिला चॉकलेट आणि घड्याळं यांबद्दल विचारून घेतलं, जे विचारणं त्यांना बंधनकारक वाटत होतं. ते उरकल्यावर कळलं की तिचे वडील डोंगरावर जाणाऱ्या रोपवेची देखभाल करतात. त्यानंतर बाबांनी तिला सोडलंच नाही. तारेच्या दोरांना ग्रीस कुठलं लावतात, बर्फात ते गोठतं का, दोर किती वर्षांनी बदलतात. आणि गंमत म्हणजे तिला सगळं माहीत होतं. लहानपणापासून ती वडिलांबरोबर वर जायची. ग्रीसबद्दल इतकं समजून बोलणारी पोरगी बाबांना तोवर भेटली नव्हती. बाबांनी तिला बदल्यात पीआरच्या अर्जाची संपूर्ण हकिगत सांगितली, रोज थोडी थोडी, रकान्यांसकट. ती मन लावून ऐकायची. माझ्या माहितीत ती हकिगत मन लावून ऐकणारी ती एकटीच.

वडिलांशी तिचा एक करार होता, तो तिने मला खालच्या बाकावर घाम पुसता पुसता सांगितला. विसाव्या वाढदिवसापर्यंत खेळायचं. तोवर मोठ्या स्पर्धांत थेट प्रवेश मिळण्याइतके गुण झाले तर पुढे, नाहीतर रोपवेच्या कचेरीत तिकिटांच्या खिडकीमागे एक खुर्ची तिची वाट बघत होती. वाढदिवसाला चार महिने उरले होते. “ही स्पर्धा जिंकले तर होईल,” ती म्हणाली. “अजून एकही जिंकलेले नाही.” हे ती इतक्या शांतपणे म्हणाली की मला वाटलं तिला फारसं काही वाटत नसावं. सतराव्या वर्षी मी शांत माणसांबद्दल असेच अंदाज बांधायचो.

तिसऱ्या दिवशी तिला खोकला झाला. थायलंडच्या बसमधला एसी, आमच्या फ्लॅटमधला दमटपणा, काय असेल ते. पण सामने ती जिंकत गेली. पात्रता फेरी, पहिली, दुसरी, खोकत खोकत उपांत्यपूर्व. आईने काढा केला: आलं, गॅलरीतल्या कुंडीतली तुळस, बाजारातून आणलेला गवती चहा. रेगूने एकेक वस्तू हातात घेऊन वास घेतला, नाव विचारलं, वहीत लिहिलं आणि प्यायली. गूळ नको म्हणाली. स्पर्धेच्या आठवड्यात गोड बंद. काढ्याचं आईला समाधान होतं, पण तिचा खरा विश्वास पत्र्याच्या डब्यावर होता. त्यात ठाण्याच्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांचं खोकल्याचं लाल औषध होतं, दर मे महिन्यात चार बाटल्या यायच्या. त्या औषधावर मी वाढलो. आईने बाटली आणि चमचा रेगूच्या समोर धरला.

“नाही, आई,” रेगू म्हणाली. ती माझं ऐकून आईला आईच म्हणायला लागली होती.

“कफ गोइंग. टू मिनिट.”

“नाही. खरंच नाही.”

आईने माझ्याकडे बघून मराठीत म्हटलं, “लाजते. परक्याच्या घरी मागायचं कसं, असं होतं मुलींचं.”

मला माहीत होतं की ती लाजत नाहीये. आदल्याच दिवशी बाकावर तिने मला सगळं समजावून सांगितलं होतं. खेळाडूंना काय चालतं आणि काय चालत नाही याची लांबलचक यादी असते. साध्या सर्दीच्या गोळीतही चुकीचं काहीतरी निघू शकतं. “माझ्या पोटात जे जाईल त्याला मी जबाबदार. कुणी दिलं, का दिलं, चुकून दिलं का, हे नंतरचं. आधी मी.” म्हणून ती वही. पाककृतींची नव्हे. मी मान डोलावली होती. मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं होतं, इतकी महत्त्वाची गोष्ट तिने मलाच सांगितली म्हणून. आणि ती सांगितलेली गोष्ट मी घरात कुणाला सांगितली नाही, कारण मग ती फक्त माझी राहिली नसती.

उपांत्य सामना ती जिंकली. तीन सेट, दुपारच्या उन्हात, शेवटी शेवटी खोकल्याची उबळ आली की पंचही थांबून वाट बघायचे. घरी आली तेव्हा आवाज बसला होता, छाती दुखत होती. दुसऱ्या दिवशी अंतिम सामना. संध्याकाळचे सहा वाजले असतील. ती आंघोळीला गेली होती. आईने काढा उकळत ठेवला, डबा उघडला, बाटली माझ्या हातात दिली आणि स्वतः देवापाशी दिवा लावायला गेली. जाता जाता म्हणाली, “दोन चमचे टाक त्यात. कळणारसुद्धा नाही तिला. उद्या पोरीला खेळायचंय.”

इथे मला थांबायला आवडेल. म्हणजे लिहायचं थांबायला. माझी मुलगी ईरा आता चौदा वर्षांची आहे, शाळेकडून बॅडमिंटन खेळते, आणि मागच्या महिन्यात शिबिराचा फॉर्म आला त्यात ‘विद्यार्थी सध्या कोणती औषधे घेतो’ असा एक रकाना होता. तो भरायला मी एक तास घेतला. घरातल्या बाटल्यांवरची सगळी नावं लिहून काढली, खोबरेल तेलासकट. “पप्पा, इट्स जस्ट अ फॉर्म, लाह,” ती म्हणाली. मी म्हटलं, हो. आणि पुन्हा एकदा तपासला.

त्या संध्याकाळी मी काही तपासलं नाही. मला नाही म्हणता आलं असतं. आई ओरडली नसती, मारलं नसतं, फार तर दुखावली असती. पण आमच्या घरात ‘नको’ला अर्थ नव्हता हे मी वर लिहिलंच आहे, आणि जो शब्द कुणाच्या तोंडून गेलेला कधी चालला नाही तो आपल्या तोंडून जाईल असं मला वाटलं नाही. हे झालं समर्थन. खरं असं की मला तिने जिंकायला हवं होतं, आणि ते माझ्यामुळे व्हायला हवं होतं, गुपचूप. लहान मुलांचं औषध, काय होणार, असं म्हणत मी दोन चमचे घातले. मग प्रेमाने आणखी दोन.

रेगूने पहिला घोट घेतला आणि भांड्याकडे बघितलं. “आज गोड आहे.”

“मी गूळ घातलाय,” मी म्हणालो. “थोडाच. घशाला बरा.”

तिने माझ्याकडे बघितलं. गोड बंद होतं. मग ती हसली, म्हणाली, “ठीक आहे, एक दिवस,” आणि सगळा काढा प्यायली. नको म्हणाली नाही. आमच्या घरात राहून तीही शिकली होती. मग तिने वही काढली आणि लिहिलं.

अंतिम सामन्याला प्रेक्षक म्हणजे मिसेस लिम, क्लबचे पाच-सहा म्हातारे सभासद, कॅमेरा गळ्यात घालून बाबा, पोळीभाजीचा डबा मांडीवर घेऊन आई, आणि मी. खोकला गेला होता. आईने मला कोपर मारलं, “बघ.” समोरची मुलगी जपानची होती, सगळे चेंडू परत करणारी, तिच्याविरुद्ध खेळणं म्हणजे भिंतीशी खेळणं. रेगू दोन तास त्या भिंतीशी खेळली आणि जिंकली. जिंकल्यावर तिने उड्या वगैरे मारल्या नाहीत. रॅकेट खाली ठेवली, खुर्चीवर बसली आणि टॉवेल डोक्यावर घेतला. टॉवेल बराच वेळ हलत होता. शांत माणसांबद्दलचा माझा पहिला अंदाज तिथे चुकला. मग हातात पॅड धरलेली एक बाई येऊन तिच्या शेजारी उभी राहिली आणि ती जाईल तिकडे जाऊ लागली. आईला वाटलं पेपरवाली आहे; तिने पदर सारखा केला आणि फोटोसाठी सरसावून उभी राहिली. मिसेस लिम म्हणाल्या, “नो, नो फोटो, युरिन टेस्ट. छोट्या स्पर्धेत सहसा घेत नाहीत. लकी विनर.” आईने पदर सोडला. मी डब्याचं झाकण लावत होतो. ते बराच वेळ लागेना.

दुसऱ्या दिवशी ती गेली. आईने तिला बेसनाचे लाडू दिले, तिने वहीत लिहिले. बाबांना ती म्हणाली, “तुमचा अर्ज होईल बघा.” मला तिने एक जुनी पट्टी दिली, रॅकेटच्या मुठीला गुंडाळायची, घामाने काळी झालेली. घरी वडिलांना तिने फोन केला तेव्हा म्हणे बराच वेळ नुसता त्यांच्या मागे रोपवेच्या चाकांचा आवाज येत राहिला. त्या तिकिटाच्या खिडकीमागे त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी बसवायचं ठरवलं होतं.

सहा आठवड्यांनी तिचा ईमेल आला. तेव्हा आमच्याकडे घराचा एकच कॉम्प्युटर होता, हॉलमध्ये, आणि बाबांचा मेल मीच उघडायचो. तपासणीत एका लांबलचक नावाचं द्रव्य सापडलं होतं. ते नाव तिने नीट लिहिलं होतं. तिने कधी काही घेतलेलं नाही, पण त्या आठवड्यात आमच्याकडे तिच्या पोटात काही गेलं असेल का, आठवून सांगाल का, असं तिने विचारलं होतं. ‘सिरप, स्प्रे, काहीही. कुणी चांगल्या मनाने दिलं असेल तरी. तुम्ही तसं लिहून दिलंत तर शिक्षा फार कमी होऊ शकते. नाही दिलंत तर दोन वर्षं.’ शेवटी होतं, आईला नमस्कार.

मी बाबांना मेल वाचून दाखवला. बाबा उठले, पत्र्याचा डबा काढला, चष्मा लावून लाल औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली. तिसऱ्या ओळीत ते नाव होतं. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. विचारण्यासारखा एकच प्रश्न होता, आणि तिघांनाही त्याचं उत्तर माहीत होतं. बाबांनी बाटली वर्तमानपत्रात गुंडाळली, दोरा बांधला, आणि तळापर्यंत जाणाऱ्या कचऱ्याच्या नळीत, शूटमध्ये, टाकली. नवव्या मजल्यावरून ती खाली गेली. त्या शूटमध्ये वस्तू भिंतीला आपटत जाते. वाटेत एकदा आवाज झाला, मग दुसऱ्यांदा, मग बराच वेळ काही नाही, मग तळाशी.

“आपला दुसरा अर्ज त्यांच्या टेबलावर आहे,” बाबा म्हणाले. “परदेशी खेळाडूला बंदी असलेलं औषध दिलं, असं आपल्या सहीने लिहून द्यायचं? आपल्याला परत पाठवतील, मिलिंद. तुझं शिक्षण, सगळं.”

“पण बाबा, तिचं...”

“तिचा देश तिला बघून घेईल. श्रीमंत देश आहे.”

आणि मग त्यांनी मला पत्र सांगितलं, कारण टाइप मी करायचो आणि स्पेलिंग मी तपासायचो. ते इंग्रजी शिपयार्डचं होतं. आम्ही नोंदवू इच्छितो की पाहुणीस केवळ घरगुती शाकाहारी जेवण दिलं गेलं. आम्ही पुढे नोंदवू इच्छितो की काढ्यात आलं, तुळस व गवती चहा याखेरीज अन्य कोणताही पदार्थ घातलेला नव्हता. तिथे मी थांबलो. “बाबा, तिला मी गूळ सांगितला होता. गूळ लिहू?” बाबा म्हणाले, “गूळ कशाला. उगाच फाटे फुटतील. अन्य कोणताही पदार्थ नाही, एवढं पुरे.” मी ते तसंच ठेवलं. एका शब्दाचं स्पेलिंग चुकलं होतं, ते दुरुस्त केलं. आई आत कणीक मळत होती. तिच्या बांगड्यांचा आवाज पत्र पूर्ण होईपर्यंत एकसारखा चालू होता, आणि कणीक तर केव्हाच मळून झाली होती.

रेगूचं उत्तर दोन ओळींचं आलं. ‘आभार. तुम्ही स्पष्ट लिहिलंत.’ त्यानंतर काही आलं नाही. मिसेस लिमकडून कळलं की जिंकलेली स्पर्धा काढून घेतली आणि दोन वर्षांची बंदी. “सो नाइस गर्ल. यू नेव्हर नो, ना?” त्या म्हणाल्या. आई म्हणाली, “नेव्हर नो,” आणि लिफ्टचं बटण दाबलं. चार महिन्यांनी आमचं पीआर झालं. आईने श्रीखंड केलं. बाबांनी फोटोंची फाइल कपाटात ठेवून दिली. समाजात मिसळणं त्या दिवशी संपलं. पीआर झालेल्याच्या मुलाला इथे दोन वर्षं लष्करी सेवा करावी लागते, ती मी केली. तिची बंदी दोन वर्षांची आणि माझी सेवाही दोन वर्षांची, यात मला बरोबरी दिसायची. चिखलात रांगताना मी मनात म्हणायचो, फिटतंय. मला कपडे, जेवण आणि शेवटी टाळ्या मिळाल्या. तिला तिकिटांची खिडकी मिळाली. पण रांगणाऱ्याला असले फरक दिसत नाहीत.

मग मी इंजिनिअर झालो, तुआसमध्येच, लग्न केलं, ईरा झाली. तीन वर्षांपूर्वी बाबा गेले. बाबा असेपर्यंत मी काही केलं नाही, आणि त्यांच्या इभ्रतीसाठी गप्प आहे असं स्वतःला सांगत आलो. ते गेल्यावर इभ्रतीचं ओझं उतरलं तरी मी आणखी तीन वर्षं गप्प राहिलो, तेव्हा मला शंका आली की ओझं बहुधा त्यांचं नव्हतं. शिबिराचा फॉर्म भरला त्या संध्याकाळी मी रेगूला शोधलं. सापडायला दहा मिनिटं लागली. वीस-पंचवीस वर्षं जे काम मला अवघड वाटत होतं त्याला दहा मिनिटं लागतात, हे कळून फार बरं वाटलं नाही. ती तिच्याच गावात मुलांना टेनिस शिकवते, सकाळी. दुपारी रोपवेच्या कचेरीत असते. मी लिहिलं. चार पानं लिहिली, त्यात माझं मन फार होतं.

तिचं उत्तर तिसऱ्या दिवशी आलं.

‘मिलिंद, मला माहीत होतं. दुसरं काय असणार? वहीत आहे: काढा, आज गोड, मिलिंद म्हणतो गूळ. सुनावणीत मी ती वही दाखवली. म्हटलं, त्या दिवशी चव वेगळी होती, त्यात काहीतरी असेल. त्यांनी मला तुमचं पत्र दाखवलं. अन्य कोणताही पदार्थ नाही. मग ते म्हणाले, गूळही नव्हता, म्हणजे वही खोटी, नंतर लिहिलेली. त्याआधी ते माझं थोडं ऐकत होते.

‘मी तेव्हा रागावले. आता रोज रागावत नाही. तुझ्या बाबांचा अर्ज झाला का, हे मात्र मला नेहमी जाणून घ्यायचं होतं.

‘तू विचारतोस की आता काय करू शकतो. माझ्यासाठी काही नाही, ते सगळं संपलं. पण माझे वडील ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांनी मला कधीच विचारलं नाही की मी काही घेतलं होतं का. इतक्या वर्षांत एकदाही नाही, आणि ते का विचारत नाहीत हे मला कळतं. त्यांना एक पत्र लिही. कागदावर, सहीसकट. त्यांना इंग्रजी हळूहळू वाचता येतं. लहान वाक्यं लिही. तुझ्या भावनांबद्दल नको.’

तो शेवटचा ‘नको’ मी बऱ्याच वेळा वाचला.

काल रविवार होता. आई आता माझ्याकडेच असते, शहात्तर वर्षांची आहे, आणि अजून ईराला तिसरी पोळी विचारून वाढत नाही. मी डायनिंग टेबलावर कागद घेऊन बसलो होतो. चार वाक्यं झाली होती, त्यांतली तीन खोडली होती. आई भाजी निवडत समोर बसली होती. एवढ्या वर्षांत या घरात ती गोष्ट कधी बोलली गेली नव्हती. तिने देठ बाजूला करता करता विचारलं, “कुणाला?”

“रेगूच्या वडिलांना.”

तिने पुढचं देठ मोडलं. “काय लिहिलंस?”

“की तुमच्या मुलीने काही घेतलं नव्हतं. तिला न सांगता मी औषध घातलं.”

“मी घालायला सांगितलं, ते लिही. माझं नाव लिही.”

“आई, राहू दे. घातलं मी.”

“सांगितलं मी,” ती म्हणाली. “दोन चमचे घाल म्हणून. मला सगळं आठवतंय, तुला वाटतं मी विसरले.”

“तू दोन सांगितलेस,” मी म्हणालो. “मी चार घातले.”

हे तिला माहीत नव्हतं. हे मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, रेगूला लिहिलेल्या चार पानांतही नाही. मला वाटलं आई म्हणेल जाऊ दे, दोन काय नि चार काय. तिने भाजीची परात बाजूला सारली, चष्मा लावला आणि माझ्यापुढचा कागद बोटाने सरळ केला.

“मग चार लिही.”